सरा, अक्का मडीत आहे

आई, मध्यंतरी मी एका ऑफिसात बसून मडीची बाजू घेऊन भांडलो. मी. तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं असतंस. माझी बायको सोलापूरकडची, ती सोवळं म्हणते; आपण इथे कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मडीच म्हणत आलो. नाव काहीही असो, त्या गोष्टीवरून तुझ्याशी जितका भांडलो तितका मी पुढे कुणाशीच भांडलो नाही, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांशीसुद्धा नाही. आणि आता पन्नाशी उलटून गेल्यावर तिचीच वकिली करायला उभा राहिलो. हे कसं झालं ते क्रमाने सांगतो. क्रम सोडून बोललेलं मला चालत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

क्रमानेच सांगायचं तर तुझी थोरली लेक, आपली अक्का, आता घरी नाही, हे पहिलं वाक्य असायला हवं होतं. तेवढं लिहायला हात धजावला नाही. के. आर. पुरमच्या पलीकडे एका गल्लीत दुमजली घर आहे, मनाच्या आजाराच्या बायकांसाठी चालवलेलं. तिथे ती असते. तू गेलीस, मग अण्णांनी तिला सांभाळलं, अण्णांच्या मागे आम्ही दोघांनी. पण तुझ्या सुनेच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तिला वाकायची बंदी झाली, आणि मी दिवसभर दुकानात. एकदा अक्कानं गॅस उघडा ठेवला. एकदा दार उघडून निघून गेली ती संध्याकाळी बनशंकरीच्या बसस्टँडवर सापडली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मग मी होम बघायला लागलो.

बघायला लागलो म्हणजे कसा, ते तू ओळखशील. दहावीनंतर कॉलेजची पायरी न चढता, मॅन्युअलं वाचून वाचून इलेक्ट्रॉनिक तराजू शिकलेला माणूस मी. आज इस्पितळांचे आणि औषधांच्या कारखान्यांचे काटे माझ्या हाताखालून जातात आणि इंजिनियर लोक मला फोन करून विचारतात. मी प्रत्येक होममध्ये मोरीची जाळी उचलून वास घेतला. स्वयंपाकघरातली झाकणं उघडली. नर्स रजेवर असेल त्या दिवशी गोळ्या कोण देतं, ते विचारलं. एका ठिकाणी कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या जाळ्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी दारात कारंजं होतं, पण पेशंट दिवसभर कुठे बसतात याला कुणाकडे उत्तर नव्हतं. हे के. आर. पुरमचं मी निवडलं, कारण फरशी कोरडी होती, दर आठवड्याला डॉक्टर खरोखर येत होता, आणि मॅडमनी, म्हणजे ते चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी, माझ्या दोन प्रश्नांना सरळ 'माहीत नाही, सार' असं उत्तर दिलं होतं. माहीत नाही म्हणणारं माणूस मला बरं वाटतं.

त्यांनी अक्काच्या सवयी विचारल्या. मी एकूण एक सांगितल्या. कॉफी बिनसाखरेची, पण लोटा हाताला चटका बसेल इतका गरम हवा. मिक्सरच्या आवाजाला घाबरते. दाराकडे पाय करून झोपत नाही. सकाळी उठल्या उठल्या नावानं हाक मारायची नाही, अक्काच म्हणायचं. मॅडम म्हणाल्या, "इतकं कुणी सांगत नाही, सार." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मडीचं मी सांगितलं नाही. लपवलं नाही, आठवलंच नाही. ती मी तुझी सवय धरली होती, तिची नाही.

बसवनगुडीतलं आपलं ते भाड्याचं घर, मागे न्हाणीघर, पुढे स्वयंपाकघर, आणि मध्ये तो अरुंद बोळ. अजून सकाळ झाली की तो बोळ माझ्या डोळ्यांसमोर येतो. तू अक्काला न्हाणीत पाठवतेस, पाणी विसणून देतेस आणि दार ओढून घेऊन बाहेर उभी राहतेस. आत जात नाहीस. आतून पाण्याचा आवाज थांबला की तुझी हाक सुरू होते: "सरा रे, अक्का मडीत आहे!" अण्णा पेपर छातीशी धरून भिंतीला पाठ लावतात. इतका उंच माणूस, पण पोट आत ओढून असे चपटे होतात की हसू यावं. अक्का ओल्या केसांनी बाहेर येते, कोपर अंगाशी घट्ट, कुणाकडे न बघता बोळाच्या मधोमध चालत. पानावर जाऊन बसते. पानाच्या डाव्या बाजूला तू मीठ वाढतेस, लिंबाची फोड वाढतेस, आणि फोडीच्या शेजारी तिची गोळी वाढतेस. 'गोळी घे' असं तू म्हटलेलं मला आठवत नाही. ती आपल्या हाताने उचलते, तोंडात टाकते, आणि पहिला घास घेते. तोवर घरात कुणी तिला शिवायचं नाही. तूसुद्धा शिवायची नाहीस. दिवसातली ती एवढीच वेळ तिला आरडाओरडा करावा लागायचा नाही.

आणि मी त्या बोळाच्या मधोमध पुस्तक घेऊन उभा. तुझी स्वतःची मडी असायची तेव्हा तर मुद्दाम. "सर रे पुट्टा, बाळा, हातात जड आहे," तू म्हणायचीस, हातात पाण्याची कळशी. मी विचारायचो, "का सरू? करंट आहे का तुझ्या अंगात?" तू म्हणायचीस, "असेल. हात लावून बघू नकोस." मग तूच परत न्हाणीकडे वळून, मागच्या दाराने फिरून स्वयंपाकघरात जायचीस. मला ते माझं जिंकणं वाटायचं. अजूनही सांगतो, माझा मुद्दा चूक नव्हता. भांडी घासायला येणारी बाई मागच्या पायरीवर ओंजळ धरून बसायची आणि तू वरून कॉफी ओतायचीस. ती गरम कॉफी ओंजळीत कशी पीत असेल? एकदा मी तिला लोटा नेऊन दिला तर तू मला सगळ्यांसमोर बोललीस, "तुला कळत नाही त्यात हात घालू नकोस." तो लोटा तू परत घरात घेतला नाहीस. मडी म्हटलं की मला ती ओंजळ दिसते. म्हणून ती गोष्ट मी तुझ्याबरोबरच संपवली होती.

होममध्ये दोन महिने बरे गेले असं मला वाटत होतं. मग मॅडमचा फोन आला, अक्कानं सकाळच्या आयाला चावलं म्हणून. आठ-दहा दिवसांनी पुन्हा चावलं. डॉक्टरांनी औषध वाढवलं. मी मॅजेस्टिकला मेट्रो बदलून भेटायला गेलो तर अक्का अंगणातल्या खुर्चीत मान टाकून बसली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मी नेलेला कॉफीचा लोटा तिला उचलता येईना, बोटं लोट्याभोवती नुसती फिरत होती. अंगावर कुणाचा तरी गुडघ्यापर्यंतचा गाऊन. तिथे कपडे एकत्र धुतात आणि वर येईल तो घालतात. हे मी एवढ्या प्रश्नांत विचारलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सार, मी खोटं सांगत नाही. चौदा बायका आणि सकाळी दोन आया. महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर एक तर औषध आणखी वाढवायला लागेल, नाहीतर तुम्ही त्यांना दुसरीकडे हलवा." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मी सगळं बघून झालेलं होतं. आणि औषध आणखी वाढलं तर त्या खुर्चीत जे उरेल ते काय असेल, तेही दिसत होतं.

काटा चुकीचं वजन दाखवत असेल तर मी काट्याला शिव्या देत नाही. तो कुठे ठेवलाय ते बघतो, खालची फळी हलते का, वर पंखा आहे का. म्हणून मी मॅडमना म्हटलं, मला एक सकाळ इथे बसू द्या. बायकांचं होम, आत जाता येत नाही. ऑफिसचं दार उघडं ठेवून मी खुर्चीत बसलो. तिथून पॅसेज दिसतो. न्हाणीघराची कडी काढून टाकलेली, कारण पूर्वी एक बाई आत कोंडून घेऊन पडली होती. आया एकेकीला दंड धरून आत नेते, तांब्याने पाणी घालते, बाहेर आणते, बाकावर बसवते, डोकं खसाखसा पुसते, फणी फिरवते, आणि दुसरी आया गोळी तोंडात घालून म्हणते, "आ करा. जीभ वर." कुणी मारत नाही, कुणी ओरडत नाही. दोघींचे हात थांबत नाहीत एवढंच. मग अक्का बाहेर आली. आई, औषधाने झोक जात होता तिचा, पण कोपर अंगाशी घट्ट होते. त्या पॅसेजच्या बरोबर मधून, कुठल्याही भिंतीला न शिवता, ती चालत होती. मी खुर्चीतून उठलो. ते चालणं मला पाठ होतं. तेवढ्यात आयाने पंचा घेऊन मागून तिचे केस धरले आणि अक्का किंचाळली.

मग ते भांडण. आम्ही कन्नडमध्ये बोललो, तुला आपल्या बोलण्यात लिहितो. मी मॅडमना सांगितलं, अंघोळीपासून नाश्त्यापर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही, गोळी ताटात ठेवायची. "का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मडी." तो शब्द तोंडातून निघताना मलाच कसंतरी झालं. मॅडमनी चष्मा काढला. "सार, इथे सगळ्या जातीच्या, सगळ्या धर्मांच्या बायका आहेत. मडी-गिडी मी चालवत नाही." "मीही चालवत नाही," मी म्हटलं. "मग आत्ता काय चालवताय?"

दारात सकाळची आया उभी होती. तिशीतली, रायचूरकडची, अंगठ्याला पट्टी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "सार, मुट्टबेडा ना? शिवू नको, असंच ना? आमच्या गावात देवळापाशी ऐकलं, विहिरीपाशी ऐकलं. तिथून उठून इथे आले. आता पगार घेऊन तेच ऐकू?"

मी म्हटलं, "ती आजारी आहे, अम्मा."

"चावतात तो आजार आहे. चावल्या, मी काही बोलले? पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी परत आंघोळ घातली. पण शिवू नको, हा आजार नाही सार. हे तुमच्या घरून आलंय."

आई, मी इतका वाचलेला, इतका बोलणारा. तरी उठून सरळ मेट्रो गाठली. घरून आलंय, हे खरंच आहे. मेट्रोत बसून सबंध वाट मी शब्द जुळवत होतो. अक्काला तुझ्यासारखं वाटत नाही, ती कुणाला अशुद्ध समजत नाही, तिला फक्त भीती वाटते, असं काहीतरी. पण ते मला कुठे माहीत आहे? अक्का तुझ्याच हाताखाली वाढली. त्या मागच्या पायरीवरची ओंजळ तिनेही रोज बघितली. तिच्या डोक्यात त्यातलं काय शिरलं आणि काय नाही, ते मोजायचा काटा माझ्याकडे नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, करून बघायला हरकत नाही, पण आया तयार हव्यात, त्यांच्या डोक्यावर बसून होणारं काम नव्हे हे.

रविवारी परत गेलो. आया अंगणात चादरी वाळत घालत होती. मी जुळवलेलं सगळं बोललो. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना भीती वाटते, असं त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. तिला तसंही वाटत असेल, तू म्हणतेस तसंही."

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला. आम्ही दोन्ही बाजूंनी पिळली. मग म्हणाली, "मला कुणी विचारलंय का, अंघोळीनंतर मला कुणी हात लावलेला चालतो का?"

"चालतो?"

"डोकं ओलं असताना माझ्या नवऱ्यानं वेणी ओढली तर मीही चावीन." स्वतःच हसली. मग हसू आवरून म्हणाली, "ऐका सार. मी सकाळी इथेच अंघोळ करते, बसच्या धुळीतून येते म्हणून. उद्यापासून माझीही मडी. मी बाहेर येईन तेव्हा सगळ्यांनी सरायचं. तुमच्या अक्कांनीसुद्धा. त्या सरल्या तर मी सरेन. नाही सरल्या तर केस मी पुसणार, हात चावू देत नाहीतर पाय."

मॅडमना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. "उद्या स्वयंपाकीण म्हणेल माझीही मडी, मग उप्पीट कोण करणार?" पण म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. चार दिवस बघू. आणि जिला हवं तिला, प्रत्येकीला. एकट्या तुमच्या बहिणीसाठी नाही." मी म्हटलं, गोळी तोंडात गेली की नाही ते लांबून बघता येतं. त्या म्हणाल्या, "ते मला शिकवू नका, सार."

सोमवारी दुकान बंद ठेवलं, स्कूटरने गेलो आणि हेल्मेट हातात घेऊन पॅसेजच्या तोंडाशी उभा राहिलो. मॅडमनी तेवढी परवानगी दिली होती. बाकावर सात-आठ बायका, टोकाला अक्का, पाय पसरून, डोळे अर्धे मिटलेले. आयांच्या मोरीचं दार उघडलं. सकाळची आया बाहेर आली, डोक्याला पंचा गुंडाळलेला, मानेवरून पाणी ओघळतंय, आणि तिथेच थांबून तिने हाक दिली, कन्नडमध्ये, भाजीवाल्याच्या वरताण आवाजात: "सरीरी, सरीरी! मी मडीत आहे!" एक म्हातारी खुदकन हसली. अक्कानं मान उचलली. आई, मला वाटलं आता ही त्या बाईकडे बघेल आणि तुझ्या तोंडचं काहीतरी बोलेल. मी त्यासाठी तयार होतो. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाय आत ओढून घेतले, गाऊनचा घोळ गोळा केला, भिंतीला धरून उभी राहिली आणि पाठ भिंतीला लावली. पोट आत ओढून, अगदी अण्णांसारखी. "सरले गं," म्हणाली. आपल्या भाषेत, स्वच्छ. गेल्या कित्येक आठवड्यांत मी तिचा एक अख्खा शब्द ऐकला नव्हता.

ती बाई मधून गेली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा होती ती अर्ध्या वाटेत गेली. अक्काच्या अंघोळीच्या वेळी तिने दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिली, फटीतून कानोसा घेत. अक्का बाहेर आली. आयाने पाठ भिंतीला लावली, दोन्ही हात मागे. ताटात उप्पीट, डाव्या बाजूला लिंबाची फोड, शेजारी गोळी. ते मी सांगून ठेवलं होतं. अक्कानं उचलली.

आता लगेच सगळं बरं झालं असं समजू नकोस. औषध थोडं कमी केलंय, डॉक्टर म्हणतात घाई नको. सुट्टीच्या दिवशी बदली आया येते, तिला हे पटत नाही. त्या दिवशी परत किंचाळणं. कपड्यांवरून माझं मॅडमशी अजून चालू आहे. अक्काचे चार गाऊन मी ओळखीला धागा शिवून दिले, तरी परवा तिच्या अंगावर दुसरीचाच होता. आणि एका पेशंटचा मुलगा भेटायला आला होता, त्याने ती हाक ऐकली. मॅडमकडे तक्रार केली की माझ्या आईला तुम्ही शिवाशिव शिकवताय. त्याचं नाव-गाव मला कळलं नाही, पण त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. त्याच्या वयाचा मी बोळात पुस्तक घेऊन उभा होतो. त्याला मी काय सांगू? मी ज्या शब्दाला घराबाहेर काढलं तो आता के. आर. पुरमच्या त्या पॅसेजमध्ये रोज सकाळी मोठ्याने फिरतो, आणि मीच तो तिथे नेला. एकेकदा वाटतं, त्या बाईने त्याला पार उलटा करून धुऊन वाळत घातला. एकेकदा वाटतं, ती हाक ओरडून थकेल, नोकरी सोडेल, आणि मागे नुसता शब्द राहील.

तुला यातलं काय सहन झालं नसतं, याचा मी विचार करतो. लेक होममध्ये आहे हे, की तुझी लेक त्या बाईसाठी भिंतीला लागली हे. तू आधी तिचं कूळ विचारलं असतंस. विचारू नकोस. ती आता तुझ्या अक्काच्या न्हाणीबाहेर उभी असते आणि आत जात नाही.

हे पत्र मी कुठे ठेवणार, ते ठरलेलं नाही. पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तर बहुतेक एवढं लिहिलंच नसतं. एक राहिलं. त्या सोमवारी तिने 'सरा' म्हणून हाक दिली तेव्हा अक्काच्या आधी मी सरलो होतो. हेल्मेट छातीशी धरून, पाठ भिंतीला लावून. तुझ्या हातात भरलेली कळशी असायची, आई, तुझ्यासाठी मी एकदाही सरलो नाही.